चार मिलिमीटरांचा फूट

छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय म्हटले की पुणेकरांना कोथरूड आठवते. भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले आणि १९९८ पासून सर्वांसाठी खुले असलेले ते संग्रहालय आम्हीही निरनिराळ्या वयांत पाहिलेले आहे. तिथले शहर कल्पित आहे. ते पाहताना ‘हे कोणते गाव?’ असा प्रश्न कोणी विचारत नाही. गाडी कशी वळते, सिग्नल कसा पडतो, डोंगरावरचा डबा कसा चढतो, यांतच पाहणाऱ्याचे मन रमते. इंग्लंडमधील लाँग विटेनहॅम या खेड्यातले पेंडन संग्रहालय पाहायला आम्ही गेलो तेव्हा आमची अपेक्षा साधारण अशाच करमणुकीची होती. तिथे मात्र ‘हे कोणते गाव?’ हाच पहिला प्रश्न निघाला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता इतिहासलेखनाविषयीचे आमचे काही सोपे समज अडचणीत आले.

लाँग विटेनहॅम हे टेम्स नदीकाठचे लहानसे खेडे डिडकॉट या रेल्वे जंक्शनापासून जवळच आहे. या भागात येणाऱ्यांना पूर्वी डिडकॉटच्या वीजकेंद्राचे सहा प्रचंड शीतक मनोरे मैलोगणती लांबून दिसत. त्यांतले तीन २०१४ साली आणि उरलेले तीन २०१९ साली पाडले गेले. ज्यांना लोक कुरूप म्हणत तेच मनोरे पडताना पाहायला गर्दी झाली आणि काहींना हुरहूर लागली. पेंडनच्या दारात शिरण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. नाहीसे होणे केवळ जुन्याच्या वाट्याला येत नाही.

डिडकॉटच्या पश्चिमेला स्विंडनपर्यंत जी सखल जमीन पसरली आहे तिला ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’, म्हणजे पांढऱ्या घोड्याचे खोरे, असे नाव आहे. उफिंग्टन गावाजवळच्या टेकडीवर चर खोदून त्यांत पांढरा खडू भरून काढलेली घोड्याची शंभराहून अधिक मीटर लांबीची आकृती आहे. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झालेल्या परीक्षणातून दिसून आले. खोऱ्याला नाव मिळाले ते तिच्यावरून. याच खोऱ्याचा १९२० ते १९४० या दोन दशकांतला तुकडा पेंडनच्या एका मोठ्या दालनात उभा केलेला आहे.

प्रमाण असे, की प्रत्यक्षातला एक फूट म्हणजे इथे चार मिलिमीटर. उंचापुरा माणूस या हिशेबाने सव्वादोन सेंटिमीटरांचा होतो. घरे पुठ्ठ्याची आहेत, पण भिंतीतली प्रत्येक वीट वेगळी कोरलेली आणि वेगळी रंगवलेली. कारण खऱ्या भिंतीत दोन विटा एका रंगाच्या नसतात. छपराचे गवत जिथे ओलीने काळवंडते तिथेच ते काळवंडलेले आहे. काही घरांच्या खिडक्यांतून डोकावले तर आत मांडलेले सामान दिसते. परसात भाजीचे वाफे आहेत. एकेका घरावर स्वयंसेवकांचे महिनेच्या महिने खर्ची पडले आहेत, आणि हे काम पिढ्या उलटल्या तरी चालू आहे. या सगळ्यामधून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाड्या त्या काळच्या डब्यांसह आणि त्या काळच्या रंगांत धावतात.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या गृहस्थाचे आडनावच इंग्लंड होते. रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ साली, विशीच्या आतबाहेर असताना, ते विलायतेत आले आणि स्विंडनजवळच्या वॉनबरो गावी राहिले. आले ते आगगाड्यांच्या ओढीने, गुंतले मात्र खेड्यांत. डोळ्यांदेखत खेडी बदलत होती. घरांवरची गवती छपरे उतरवून त्या जागी ॲस्बेस्टॉस चढत होते, जुनी घरे पडत होती, रस्त्याकडेला नवे बंगले येत होते. हे थांबवणे आपल्या हाती नाही हे त्यांनी ओळखले आणि नोंद करायचे ठरवले. ते घरे मोजू लागले, छायाचित्रे काढू लागले, विटांचे आणि दगडांचे रंग टिपून ठेवू लागले. १९५४ साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी लाँग विटेनहॅममधले एक जुने मद्यगृह घेऊन तिथे संग्रहालय मांडले. १९९५ साली ते वारले, तेव्हा खोऱ्याचा देखावा पुरा झालेला नव्हता.

आता मूळ प्रश्न. हे कोणते गाव? दालनातल्या खेड्याला ‘पेंडन पार्व्हा’ म्हणतात, आणि त्या नावाचे गाव नकाशावर नाही. त्यातली घरे मात्र खरी आहेत. एक या गावचे, दुसरे त्या गावचे, अशी खोऱ्यात विखुरलेली घरे उचलून इथे शेजारी शेजारी बसवली आहेत. याला कारण आहे. चार मिलिमीटरांच्या फुटाने एक मैल मांडायचा तर एकवीस मीटर जागा लागते. म्हणजे भल्या मोठ्या दालनातही सलग असे जेमतेम मैलभरच खोरे मावेल, आणि त्या मैलात बहुधा गवताच्या कुरणांशिवाय काही नसेल. निवड केल्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक वीट साधार आणि संपूर्ण गाव मात्र कल्पित, असा हा प्रकार आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही रीत अपरिचित नाही. ऐतिहासिक कादंबरीकार हेच करतो. पागोट्याचा पेच, मुद्रेचा मजकूर, किल्ल्याच्या पायऱ्या तो कागदपत्रांतून घेतो आणि त्यांच्या मधोमध कधीही न झालेला संवाद ठेवतो. आपण तपशिलाला भुलून त्या संवादावर विश्वास टाकतो. पेंडनमध्ये भाषण नाही, पण संवाद आहे, आणि तो रचनेतून बोलतो. सुंदर घर सुंदर घराशेजारी ठेवले की ‘खेडे सुंदर होते’ हे वाक्य कोणी न उच्चारताच पूर्ण होते. इथले एकही घर खोटे नाही. ते वाक्य मात्र कोणत्याही एका घरावर लिहिलेले नव्हते.

संग्रहालयात जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ ही आणखी जुनी रचना जपून ठेवली आहे. आगगाडीला निसर्गाची आणि वस्तीची पार्श्वभूमी देणाऱ्या आरंभीच्या रचनांत तिची गणना होते. अहर्न यांचे खोरे सर्वस्वी कल्पनेतले आहे आणि तसे ते मानलेही जाते. तिथे आम्हांला कसलाच प्रश्न पडला नाही. प्रश्न पडतो तो पुराव्यानिशी रचलेल्या कल्पनेपाशी.

थोडा वेळ उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट जाणवली. या देखाव्यात हलते ती एकटी आगगाडी. शेतकऱ्याचा हात उचललेला तो उचललेलाच आहे, बाई दारात उभी ती उभीच आहे. प्रतिकृतीच्या तंत्राची ही साधी मर्यादा आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण तिच्यातून जो अर्थ निघतो तो साधा नाही. खेडे स्थिर होते आणि त्याच्या कडेने गाडी जात होती, जणू दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, असे चित्र मनावर ठसते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

ही रेल्वे इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल याने आखली. १८४० साली ती या खोऱ्यात शिरली आणि १८४१ साली लंडन ते ब्रिस्टल हा सगळा मार्ग खुला झाला. खेड्यांना बदलणारी शक्ती हीच होती. छपराला गवत वापरायचे कारण सौंदर्य नव्हते. जवळ तेच मिळे आणि लांबून काही आणणे परवडत नसे, म्हणून ते वापरीत. रेल्वेने वेल्समधली स्लेट, कारखान्यातल्या विटा आणि स्वस्त कोळसा आणून ही अडचण दूर केली. पूर्वी खोऱ्यातले दूध लांब नेण्याआधीच नासे, म्हणून त्याचे चीज होई. आता ते रोजच्या रोज लंडनला जाऊ लागले आणि चीजची घरोघरची कला मागे पडली. ज्या ॲस्बेस्टॉसने रॉय इंग्लंड व्यथित झाले त्याचा मार्ग नव्वद वर्षांपूर्वी याच रुळांनी मोकळा करून ठेवला होता. पेंडनमध्ये जिवाभावाने जपलेल्या दोन वस्तूंपैकी एकीने दुसरीचा ऱ्हास घडवला आहे, आणि देखाव्यात त्या शेजारणींसारख्या नांदत आहेत.

शिवाय ऱ्हासाची ही जाणीव तरी १९२५ सालची म्हणावी काय? उफिंग्टनला जन्मलेल्या टॉमस ह्यूज याची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी १८५७ साली आली. ती सुरू होते याच खोऱ्यात. रेल्वेने युरोपभर हिंडून येणाऱ्या आणि आपल्या गावची पाऊलवाटही ठाऊक नसणाऱ्या तरुणांना ह्यूज आरंभीच चार शब्द सुनावतो. दक्षिणेकडच्या उंचवट्यावरचे फॉली हे गाव टॉमस हार्डीच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५) मधल्या मेरीग्रीनचा आधार मानले जाते. तिथेही पहिल्याच प्रकरणात जुने चर्च पाडून बांधलेल्या नव्या चर्चचा आणि नाहीशा झालेल्या गवती घरांचा उल्लेख येतो. म्हणजे रॉय इंग्लंड ज्या खेड्याला शाबूत समजत होते ते त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांना मोडकळीला आलेले दिसत होते. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात हाच खेळ सरकत्या जिन्याच्या उपमेने दाखवला. प्रत्येक लेखक म्हणतो की जुने खेडे नुकतेच संपले. त्याचे बोट धरून मागे जावे तर आधीचा लेखकही तेच म्हणत असतो. विल्यम्स हे एका रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव होते, आणि १९२६ च्या सार्वत्रिक संपात त्यांचे वडील सामील होते. पेंडनच्या वीस वर्षांत तेही वर्ष येते. देखाव्यातल्या गाड्या मात्र वेळेवर धावतात.

इथे आम्हांला एका माणसाची उणीव भासली. वॉनबरोपासून थोड्याच अंतरावरच्या साउथ मार्स्टन या खेड्यात आल्फ्रेड विल्यम्स (१८७७–१९३०) राहत असे. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात तो घणाच्या भात्याशी वीसहून अधिक वर्षे राबला. रोज खेड्यातून चालत जायचे, दिवसभर तापलेल्या लोखंडाशी झुंजायचे, परत येऊन लॅटिन आणि ग्रीक शिकायचे, कविता करायच्या, असा त्याचा क्रम होता. १९१३ साली त्याने ‘व्हिलेजेस ऑफ द व्हाइट हॉर्स’ हे याच खोऱ्यातल्या गावांविषयीचे पुस्तक लिहिले. प्रकृती ढासळल्याने १९१४ साली कारखाना सोडला आणि पुढच्या वर्षी ‘लाइफ इन अ रेल्वे फॅक्टरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात इंजिन घडवणाऱ्या माणसांच्या भाजलेल्या हातांचा, धुराचा आणि मुकादमांच्या जाचाचा वृत्तान्त आहे. पहिल्या महायुद्धात तो सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, रानीखेतला राहिला आणि संस्कृताकडे वळला. परतल्यावर त्याने आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या हातांनी घर बांधले आणि त्याचे नाव ‘रानीखेत’ ठेवले. पंचतंत्रातील कथांचा त्याचा अनुवाद १९३० साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, निघाला. मरताना तो दरिद्रीच होता.

खेडे आणि आगगाडी यांना जोडणारा दुवा तो हा माणूस. पेंडनच्या वीस वर्षांत त्याच्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे येतात. पण त्याला देखाव्यात ठेवायचे तरी कोठे? झोपडीच्या दारात उभा केला तर तो एक ग्रामस्थ होतो, फलाटावर ठेवला तर उतारू. त्याचा भाजलेला हात चार मिलिमीटरांच्या फुटात दिसत नाही. १९२१ साली सरकारने धान्याच्या हमीभावाचा कायदा रद्द केल्यावर शेतमजुरांची जी आबाळ झाली तीही दिसत नाही. मालकाच्या घरात राहणाऱ्या मजुराची नोकरी गेली की छप्परही जाई, हे त्या गोजिरवाण्या छपरांकडे पाहून कळत नाही. गवती छप्पर गळत असे, आणि स्लेट बसल्यावर त्या घरातल्या बाईला बरेच वाटले असेल, हा विचार तर पाहणाऱ्याच्या मनाला शिवतच नाही.

एवढे म्हटल्यावर पेंडनला नावे ठेवून मोकळे होणे सोपे होते. परत येताना आमच्यात तसा सूर निघालाही. पण तो फार टिकला नाही. कारण त्या घरांपैकी काही आज कुठेच उरलेली नाहीत. त्यांच्या भिंतीची उंची, चौकटीचा रंग, धुराड्याचा कल हे सारे आज माहीत आहे, कारण एका परक्या देशातून आलेल्या तरुणाने फीत घेऊन ते मोजले. आल्फ्रेड विल्यम्सच्या गावांविषयी आम्ही जे बोलतो आहोत तेही त्याने वेळेवर लिहून ठेवले म्हणून. उफिंग्टनचा घोडा तीन हजार वर्षे टिकला तो काही खडूच्या गुणाने नव्हे. गवत त्याला दरसाल गिळू पाहते आणि माणसे त्याला पुनःपुन्हा खरवडून पांढरा करतात. ह्यूजने त्या खरवडण्याच्या जत्रेवरही एक पुस्तक (१८५९) लिहिले आहे. आपल्याकडे पावसाआधी घर शाकारतात त्यातलाच हा प्रकार. ज्याने शाकारणी केली त्याला, घराचा नकाशा चुकला होता, एवढेच सांगून भागत नाही.

आणि आपण काय केले आहे? ज्या १९१५ साली आल्फ्रेड विल्यम्सचे कारखान्यावरचे पुस्तक आले त्याच साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातल्या या अधिकाऱ्याने मराठी खेड्याची मापे शब्दांत घेतली. वतनदार कोण, बलुतेदाराला काय मिळते, कोण कोणाला नाडतो, हे त्यांनी भाबडेपणा न ठेवता लिहिले. त्यांची सगळी मते आज पटणार नाहीत. काही जमातींविषयीची तर मुळीच नाहीत. पण गावाचा गाडा ओढणारे आणि त्यात बसणारे वेगवेगळे असतात, हे त्यांना दिसले होते. कोल्हापूरजवळ कणेरी मठात आज ग्रामजीवनाचे मोठे शिल्पसंग्रहालय आहे. तिथे बारा बलुतेदार आपापल्या कामात मग्न दिसतात, आणि शहरातली मुले ते कुतूहलाने पाहतात. ‘गाव-गाडा’ वाचून तिथे जाणाऱ्याला ती शिल्पे वेगळी दिसतील. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी स्वयंपूर्ण खेड्याच्या गौरवावर जो कठोर हल्ला चढवला, तो वाचून जाणाऱ्याला त्याहून वेगळी.

आगगाडीचे म्हणाल तर बोरघाटाइतका प्रतिकृतीला योग्य असा देखावा जगात थोडा असेल. १८५६ ते १८६३ या काळात पंचवीस बोगदे खोदून तो मार्ग झाला. कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्याबरोबर मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांच्या वर मजूर होते, आणि पटकीने त्यांच्यातले हजारो गेले. गाड्या जिथे दिशा बदलून पुढे चढत ते खंडाळ्याचे उलटे स्थानक कोणी हौसेने बनवीलही. पटकीच्या तळाचे चार मिलिमीटरांत काय करायचे, हे ठरवल्यावाचून तो घाट पुरा होणार नाही.

परतल्यावर आम्ही एक लहानसा प्रयोग केला. आमच्यापैकी एकीचे आजोळचे घर रत्नागिरी जिल्ह्यात होते. २००९ साली ते पाडले. त्याचा आराखडा चार मिलिमीटरांच्या फुटाने कागदावर काढायला आम्ही बसलो. खळे, ओटी, पडवी, माजघर, न्हाणी ही नावे भराभर आली. मापे मात्र कोणालाच येईनात. ओटीला पायऱ्या तीन की चार, यावर मामा आणि मावशी यांचे फोनवरही एकमत झाले नाही. छप्पर मंगळुरी कौलांचे होते हे नक्की, पण त्याआधी गवताचे होते काय, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

मावशीला एक गोष्ट न विचारता आठवली. खळ्याच्या टोकाला, कुंपणाच्या मेढीवर, एक करवंटी उपडी घालून ठेवलेली असे. आगोटीला घर शाकारायला येणाऱ्या गड्यांना चहा त्या करवंटीत वरून ओतून देत. ते करवंटी धुऊन पुन्हा मेढीवर ठेवीत. मावशी म्हणाली, “ते नका दाखवू कागदावर.” आम्ही हिशेब केला. चार इंचांची करवंटी आमच्या प्रमाणात जेमतेम सव्वा मिलिमीटर होते, म्हणजे पेन्सिलीचा एक ठिपका. पायऱ्यांची जागा अजून मोकळी आहे. ठिपका आम्ही दिला आहे.